गिरमिट संपल्यावर

'गिरमिट' म्हटले की आपल्या भागातल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटते. हुबळी-धारवाडकडे संध्याकाळच्या चहाबरोबर मिळणारा चुरमुऱ्यांचा तो तिखट-आंबट प्रकार कोणाला ठाऊक नाही? मराठी मुलखातल्या सुताराला विचाराल तर तो लाकडाला भोक पाडायचे आपले हत्यार काढून दाखवील. पण या शब्दाचा तिसरा अर्थ समुद्रापलीकडे घडला. 'ॲग्रीमेंट' हा शब्द आपल्या मजुरांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचे गिरमिट झाले आणि त्यावर अंगठा उठवून जाणारा तो गिरमिटिया. गुलामगिरी बंद झाल्यावर ब्रिटिश वसाहतींतील उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. ती या कागदाने पुरवली.

गिरमिटियांच्या हालांविषयी, बोटीवरच्या मृत्यूंविषयी, मुकादमाच्या चाबकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्या कहाणीतला एक दिवस नेहमी अस्वस्थ करतो. पाच वर्षे भरली, गिरमिट संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर हा माणस त्या भूमीवर कोणत्या हक्काने उभा राहणार? कामाचा परवाना संपला म्हणजे राहण्याचा हक्कही संपतो काय? आज ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी दुबईत, मस्कतला किंवा अमेरिकेत आहे, त्यांना हा प्रश्न जुना वाटणार नाही. म्हणूनच तो पहिल्यांदा कसा उभा राहिला, हे पाहण्यासारखे आहे.

आधी मॉरिशस. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर तेथे उतरले. पुढे पाऊणशे-ऐंशी वर्षांत त्या चिमुकल्या बेटावर साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे गेली. बहुतेक कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेली. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. पण त्या थोड्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसे होती. सुमारे एकतृतीयांश लोक परतले, बाकीचे तेथेच राहिले. १८५० च्या दशकात परतीचे फुकट भाडे मिळण्याची सोयही काढून घेण्यात आली. म्हणजे परत पाठवायचे नाही आणि मोकळे राहूही द्यायचे नाही, असा तो पेच होता.

मळेवाल्यांना मजूर हवा होता, शेजारी नको होता. करार संपलेला माणूस स्वतःची भाजी पिकवू लागला, टोपली घेऊन फिरू लागला, तर उसाच्या फडात कोण जाणार? म्हणून १८६७ चा कायदा आला. करार संपलेल्याला सरकारी भाषेत 'जुना आगंतुक' असे नाव होते. त्याने स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसाचा पास सतत जवळ बाळगायचा, पासावर लिहिलेला जिल्हा सोडायचा नाही. पाहुण्याकडे जाताना कागद घरी राहिला तरी माणूस 'भटक्या' ठरून कोठडीत. राहणे बेकायदा नव्हते. पण ते इतके अवघड करून ठेवले होते, की कंटाळून माणसाने पुन्हा गिरमिटावर अंगठा उठवावा. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे, हे कलमांत सापडतेच असे नाही. ते कायद्याच्या परिणामात सापडते.

या जुलमाविरुद्ध उभा राहिला तो एक युरोपीय मळेवाला, ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ. १८७१ साली त्याने जुन्या मजुरांचा एक अर्ज गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे ठेवला. त्यावर ९४०१ जणांच्या सह्या व अंगठे होते. मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारहाण केली, तो बेटावर राहू नये म्हणून खटपटी केल्या. पण १८७२ मध्ये विलायतेहून चौकशी मंडळ आले, त्याचा अहवाल १८७५ साली बाहेर पडला आणि १८७८ चा नवा मजूर कायदा झाला. जाच एकदम संपला नाही. पण ज्याला केवळ नंबर होता, त्या माणसाची तक्रार सरकारी कागदावर आली.

आता दक्षिण आफ्रिकेतील नाताळ. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' जहाज मद्रासहून डर्बनला लागले आणि १९११ पर्यंत सुमारे दीड लाख गिरमिटिये तेथे उतरले. सुरुवातीला तर करार संपल्यावर राहणाऱ्यांना परतीच्या भाड्याऐवजी जमिनीचा तुकडा देण्याचेही आमिष होते. पण हीच माणसे भाजीमळे पिकवू लागली, फेरीवाले झाली, मुलांना शिकवू लागली, तेव्हा गोऱ्या वस्तीला ती डोईजड वाटू लागली. १८९३ मध्ये नाताळला अंतर्गत स्वराज्य मिळाले आणि लगेच तेथले शिष्टमंडळ हिंदुस्थानात येऊन दाखल झाले. मागणी काय? करार संपला की माणसाने परत गेले पाहिजे, नाहीतर वर्षाला २५ पौंड कर भरावा. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी २५ चे ३ केले आणि तेवढ्याला संमती दिली.

हा १८९५ चा तीन पौंडांचा कर. ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिशेब मांडून पाहावा. गिरमिटियाचा पगार पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग आणि दरवर्षी एकेक शिलिंग वाढत पाचव्या वर्षी चौदा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. शेवटच्या वर्षाच्या पगाराने मोजले तरी चार महिन्यांहून अधिक कमाई. पुढे १९०३ साली सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही हा कर लागू झाला. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी असे चौकोनी कुटुंब धरले तर वर्षाला बारा पौंड झाले! परत जा, पुन्हा करार करा किंवा कर भरा, असे तीन दरवाजे कायद्याने उघडे ठेवले होते. तिसऱ्या दरवाजाची किंमत अशी, की गरिबाने पहिल्या दोहोंपैकीच एकातून जावे.

येथे आपला माणूस या कथेत येतो. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे, कागल-कोल्हापुरात शिकून वाढलेले गोपाळ कृष्ण गोखले. १९१० साली त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणला आणि त्याच्या परिणामी १९११ पासून नाताळला नवे गिरमिटिये पाठवणे बंद झाले. ऑक्टोबर १९१२ मध्ये, मधुमेहाने पोखरलेली प्रकृती घेऊन ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियाला बोथा, स्मट्स या मंत्र्यांची भेट घेतली आणि तीन पौंडांचा कर रद्द होणार, अशी समजूत घेऊन बाहेर पडले.

या दौऱ्यातली एक हकीकत दोन भाषांत जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. गोखल्यांचे इंग्रजी वक्तृत्व प्रख्यात. पण हिंदी श्रोत्यांपुढे त्यांनी मराठीतच बोलावे, असा आग्रह गांधीजींनी धरला. कारण सभेत कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले हिंदू होते, त्यांना आपल्या भाषेत ऐकायचे होते. मग गोखल्यांनी मराठीत बोलायचे आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानी करून सांगायचे, असा क्रम पडला. गांधीजींच्या मराठीवर गोखल्यांनी विनोद केला खरा, पण हा क्रम झांजिबारपर्यंत चालला. ज्या भूमीवर राहण्याचा हक्क नाकारला जात होता, तेथे माणसांनी आपल्या भाषेत दुःख ऐकले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

मंत्र्यांनी पुढे वचन नाकारले. गोखल्यांना दिलेल्या शब्दाचा असा भंग झाल्यावर तीन पौंडांचा कर सत्याग्रहाच्या मागण्यांत आला. ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसाखाणींतले मजूर काम टाकून बाहेर पडले. ६ नोव्हेंबरला २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले यांचा तांडा बंदी मोडून ट्रान्सवालच्या हद्दीत शिरला. गांधीजींना कैद झाली, संप किनाऱ्यावरच्या उसाच्या मळ्यांपर्यंत पसरला. इकडे आजारी गोखले संपकऱ्यांसाठी पैसा उभा करत होते. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखवली. अखेर १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. निदान एवढे यश पाहून गेले.

पण इतिहास इथे टाळ्या वाजवून थांबत नाही. त्याच १९१४ च्या कायद्यात हेही होते, की जो राहण्याचा हक्क सोडील त्याला हिंदुस्थानचे भाडे फुकट. १९२७ च्या केपटाउन कराराने तर परत जाणाऱ्याला वर २० पौंड देऊ केले. दंड करून जाईनात, तर बक्षीस देऊन जावेत! हिंदी लोक हे या देशाचे कायमचे रहिवासी आहेत, असे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने मान्य केले ते १९६१ साली. 'ट्रुरो' लागल्याला तेव्हा १०१ वर्षे झाली होती. त्यातही मताचा हक्क नव्हताच. सर्वांना समान मतदान मिळाले ते १९९४ मध्ये.

यातून मला जे दिसते ते असे. सरकार परक्या मजुराला कधी सरळ 'जा' म्हणते, कधी पासाच्या कागदाने अडवते, कधी कराने, कधी बक्षिसाने. परवाना कामाला मिळतो, पण जातो अख्खा माणूस. पाच वर्षांत त्याची मुले तेथे जन्मतात, तेथल्या मातीत कोणी पुरले-जाळले जाते, भाषेत तेथले शब्द शिरतात. करार संपण्याची तारीख कागदाला असते, संसाराला नसते. आज अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. आखातात काही देश मधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. मुदत संपलेल्यांनी त्या काळात कागद सरळ करून घ्यावेत किंवा दंडाविना परतावे. संयुक्त अरब अमिरातीने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अशी मुदत दिली होती. चाबूक गेला, बोटीऐवजी विमान आले, आणि आजचा माणूस आपल्या मर्जीने जातो, हा फरक मोठाच आहे. पण कामाचा कागद आणि राहण्याचा कागद एकाच दोरीने बांधलेला असला, की मालकाच्या हातात दोरीचे टोक राहते, हे सूत्र जुनेच आहे. म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे असते, की पगाराचा आकडा वाचण्याआधी मुदतीची तारीख वाचा, आणि ती संपल्यावर कायद्याने काय काय करता येते ते जाण्याआधीच विचारून ठेवा. गिरमिटियाला ते वाचता येत नव्हते, आपल्याला येते.

मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, मराठी शाळांतून शिकवली जाते. मजूर उतरत त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला २००६ पासून जागतिक वारशाचा मान आहे. त्या काळच्या आगमनाच्या नोंदवह्या आणि मजुरांची छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. नंबर, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधील हिंदी वंशाच्या सातव्या पिढीलाही 'ओव्हरसीज सिटिझन' कार्ड देण्याचे जाहीर केले, तेव्हा या नोंदींचे मोल आणखी वाढले, कारण वंशाचा पुरावा त्यांच्यातच आहे. माणसावर पाळत ठेवण्यासाठी जी टिपणे केली, त्यांच्यातच आज त्याची पणतवंडे आपले गाव शोधतात.