घरगुती कारण

मामांच्या पत्र्याच्या पेटीत एकाच टाचणीला लागलेले दोन कागद निघाले. वरचा कागद ज्ञापनाचा, कचेरीच्या बोलीत मेमो. कार्बनची निळी प्रत, टाचणीभोवती गंजाचा तपकिरी डाग. आपण रविवारी निघालेल्या मोर्चात सामील झालात, शिवाय मुख्यालय सोडण्याच्या अर्जात खोटे कारण दिलेत, तीन दिवसांत खुलासा सादर करावा, असा मजकूर. खालचा कागद सोनाराच्या पावतीचा. मामींचं डोरलं मोडल्याची.

साल १९७९, मोर्चा नामांतराचा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे, जनार्दन मवाडे यांचे जीव गेले. मामांच्या मावशीचं घर त्याच दिवसांत जळालं. कणगीतली ज्वारी आठवडाभर धुमसत होती, असं आजी सांगायची. ते सांगताना तिचा हात आपोआप नाकाशी जायचा.

मामा तेव्हा एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक होते. सुट्टीच्या दिवशीही मुख्यालय सोडायचं तर अर्ज द्यावा लागे. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘घरगुती कारणास्तव’. मोर्चाला जाणारे सगळेच तसं लिहायचे. सोमवारी कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं, आठवड्यात मेमो आला आणि मग निलंबन. सात महिने निर्वाहभत्त्यावर घर चाललं. म्हणजे पगार निम्मा आणि खाणारी तोंडं तेवढीच. डोरलं त्याच काळात मोडलं.

उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर पडून मामा हे सगळं सांगायचे, आणि बोलता बोलता पुण्याच्या खडकीच्या गोष्टीवर यायचे. त्यांचे एक थोरले स्नेही तिकडे नोकरीला होते, त्यांच्याकडून ती ऐकलेली. पुण्यातल्या स्फोटकांच्या संशोधन प्रयोगशाळेत साठच्या दशकात आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाचे राजस्थानातून आलेले चतुर्थ श्रेणी कर्मचारी विरोधात उभे राहिले आणि निलंबित झाले. त्यांची बाजू तिथल्याच एका पंजाबी संशोधन सहायकाने घेतली. ते कांशीराम. दीनाभाना परत कामावर आले, सुट्ट्याही परत मिळाल्या. कांशीराम यांनी मात्र पुढे नोकरीच सोडली.

६ डिसेंबर १९७८ला त्यांनी बामसेफ उभी केली, ती बिगर-राजकीय आणि बिगर-आंदोलनात्मक म्हणून. ही संघटना नोकरदारांची होती. त्यांनी पैसा, बुद्धी आणि वेळ द्यायचा, रस्त्यावर उतरायचं नाही. रस्त्यासाठी १९८१ साली डीएस-फोर ही वेगळी संघटना निघाली. एका अख्ख्या चळवळीची बांधणीच मेमोची भीती ओळखून झाली होती. मामा म्हणायचे, “आमच्यात शिकलेला म्हणजे नोकरीतला, अन् नोकरीतल्याच्या तोंडाला कुलूप. मग बोलायचं कुणी?”

कायद्याने कुलूप पुरतं लावलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बिहारच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात स्पष्ट केलं होतं, की सरकारी नोकरीत शिरल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत आणि निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येत नाही. संपाचा हक्क मात्र न्यायालयाने मानला नाही. शिवाय राजकीय चळवळीत भाग घ्यायला वर्तणूक नियमांची मनाई राहिलीच. केंद्राच्या १९६४च्या नियमांत तर एखादी चळवळ राजकीय आहे की नाही, यावर सरकारचाच निर्णय अंतिम आहे. माझं बोट याच वाक्यावर अडतं. ज्याचं घर जळालं, त्याला हे राजकारण आहे का, असं कुणी विचारतच नाही.

चौकशीत मामांना विचारलं गेलं, “घरगुती कारण लिहून मोर्चाला गेलात, हे खोटं नव्हे?” मामा म्हणाले, “साहेब, जळालं ते घरच होतं.” खुलाशातही त्यांनी एवढंच लिहिलं. ते कामावर परतले, पण एक वेतनवाढ कायमची गेली. निवृत्तीनंतरच्या प्रत्येक पेन्शनमध्ये तिची तूट राहिली.

१४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, नामविस्तार झाला. त्या दिवसासाठी मामांनी किरकोळ रजा टाकली. अर्ज लिहिताना मी शेजारी होते. म्हटलं, “मामा, आता तरी खरं कारण लिहा.” त्यांनी पेन झटकला, रकान्यात सावकाश लिहिलं, ‘घरगुती कारणास्तव’, आणि कागद माझ्यापुढे धरला.

“वाच,” म्हणाले. “यात खोटं काय आहे?”