कामादो : एका चुलीचे देशांतर

जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथांत निन्तोकु नावाच्या सम्राटाची एक कथा आहे. कारभारात आयुष्य घालविणाऱ्या माणसाने ती एकदा तरी ऐकावी अशी आहे. हा सम्राट एके दिवशी उंच जागी चढून आपल्या मुलखाकडे पाहू लागला, तो त्याला कोठेच चुलीचा धूर दिसेना. लोकांच्या घरी शिजवावयास काही उरलेले नाही हे त्याने त्यावरूनच ताडले आणि तीन वर्षे कर व वेठ माफ केली. त्या अवधीत राजवाड्याचे छप्पर गळू लागले, पण त्याने ते दुरुस्त करू दिले नाही. तीन वर्षांनी तो पुन्हा त्या जागी चढला, तेव्हा घरोघरी धूर निघत होता. ‘कोजिकी’ (इ. स. ७१२) आणि ‘निहोन शोकी’ (इ. स. ७२०) या दोन्ही ग्रंथांत ही कथा आलेली आहे.

इतिहासकार ती अक्षरशः खरी मानीत नाहीत. चिनी राजनीतीतील आदर्श राजाची छाया तिच्यावर स्पष्ट पडलेली आहे. परंतु राजाविषयी ती काहीही सांगो, चुलीविषयी ती खोटे सांगत नाही. जपानी भाषेत चुलीला ‘कामादो’ म्हणतात. त्यापूर्वी तेथील घरांत जमिनीच्या मध्यभागी उघडा विस्तव असे. पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियाच्या द्वीपकल्पातून मातीची बांधीव चूल जपानात आली. ती भिंतीला लागून घातलेली असे. पुढे लाकडे सारण्याचे तोंड, वर भांडे बसविण्याचे भोक, आणि मागे धूर बाहेर नेणारी वाट. विस्तव चहूबाजूंनी कोंडून घेतल्याने थोड्या लाकडात अधिक शिजते, हा शोध त्या घरांत अशा रीतीने पोहोचला.

पुढे कामादो ही केवळ स्वयंपाकाची सोय न राहता घराचीच खूण झाली. आपल्याकडे भाऊ विभक्त झाले की ‘वेगळी चूल मांडली’ असे म्हणतात. जपानीतही घराची नवी शाखा काढण्याला ‘चूल वाटणे’ आणि दिवाळे निघण्याला ‘चूल मोडणे’ म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींकडून काही न घेता हे बोल घडविले, याचे नवल वाटावयास नको. ज्या घरात अन्न शिजते ते घर, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

या कामादोचा एक आटोपशीर, उचलून नेता येण्याजोगा प्रकार म्हणजे ‘मुशिकामादो’. ‘मुशि’ म्हणजे वाफेवर शिजविणे. जाड मातीचे रांजणासारखे गोल अंग, त्यावर घुमटाकार झाकण, खाली हवा आत घेणारे लहानसे दार आणि झाकणाच्या माथ्यावर उघडझाप करता येणारे छिद्र, अशी त्याची घडण होती. आत कोळसा पेटवून त्यावर भाताचे भांडे ठेवीत. भाताला उकळी आली की खालचे दार आणि वरचे छिद्र बंद करून टाकीत, आणि मातीच्या भिंतींत मुरलेल्या उष्णतेवर भात आपोआप वाफेत शिजे. आरंभी आच, मग धीर, आणि झाकण उघडण्याची घाई करावयाची नाही, हे भाताचे शास्त्र त्या मडक्याच्या घडणीतच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ ते १९५२ पर्यंत जपानवर दोस्तराष्ट्रांचा लष्करी अंमल होता. तेथे राहिलेल्या अमेरिकन सैनिकांच्या दृष्टीस हे मातीचे भांडे पडले. त्यांना भाताचे विशेष अगत्य नव्हते. त्यांच्या मनात मांस होते. झाकणाखाली कोळशावर ठेवलेले मांस शिजते, धुराने सुवासिक होते आणि तरीही कोरडे पडत नाही, हे ध्यानात येताच मायदेशी परतताना कित्येकांनी मुशिकामादो सोबत नेले.

इतिहासाचा विनोद असा की, ज्या वर्षांत ही चूल समुद्रापार चालली होती, त्याच वर्षांत ती स्वतःच्या घरातून उठत होती. १९४८ पासून जपानी सरकारने ग्रामीण जीवनसुधारणेचे कार्य हाती घेतले, त्यात धुराडे असलेल्या सुधारलेल्या चुली बांधण्यावर मोठा भर होता. पुढे १९५५ च्या डिसेंबरात तोशिबाने भात शिजविणारे विजेचे स्वयंचलित भांडे विक्रीस आणले. योशितादा मिनामी या लहान कारखानदाराने ते सिद्ध केले. परंतु भात पुनःपुन्हा शिजवून त्याची परीक्षा घेण्याचे कष्ट त्याची पत्नी फुमिको हिने उपसले. बाहेरच्या भांड्यातील पाणी आटले की उष्णता एकदम वाढावी आणि विजेचा प्रवाह तुटावा, अशी त्यात योजना होती. पहाटे उठून विस्तव फुंकण्याचे काम त्या भांड्याने पाहता पाहता संपविले.

अमेरिकेत मात्र या चुलीचा दुसरा जन्म झाला. १९७४ मध्ये एड फिशर याने अटलांटा येथे असे कामादो विकण्यास आरंभ केला. त्यातूनच ‘बिग ग्रीन एग’ हे हिरव्या अंड्याच्या आकाराचे भांडे निघाले. मूळच्या साध्या मातीला काही वर्षांत तडे जात. पुढे अधिक उष्णता सोसणारे सिरॅमिक वापरात आले. घडण मात्र जुनीच राहिली : जाड भिंत, घुमट, खाली दार, वर छिद्र.

हे यंत्र चालते कसे, आणि चालवावे कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याचा इतिहास त्याच्या व्यवहारातच सामावलेला आहे. येथे आच कमीजास्त होते ती हवेने. म्हणून कोळसा लाकडाचा आणि मोठ्या तुकड्यांचा घ्यावा. दाबून केलेल्या वड्यांची राख फार होते आणि ती खालची वाट बुजविते. कोळसा भरपूर भरावा, पण एकाच ठिकाणी पेटवावा, म्हणजे विस्तव सावकाश पसरत जातो. पेटविण्यासाठी रॉकेल कदापि ओतू नये. त्याचा वास भिंतीत मुरतो आणि पुढे अन्नात उतरतो. खालच्या दाराने आच ढोबळपणे ठरवावी आणि वरच्या छिद्राने ती बारकाईने सांभाळावी. इष्ट तपमानाच्या वीस-पंचवीस अंश अलीकडेच दोन्ही वाटा आवळू लागावे. हे भांडे तापविणे सोपे, पण एकदा भिंत अधिक तापली की ते निवता निवत नाही. नवशिक्या माणसाच्या बहुतेक चुका येथेच होतात.

मांसाचा मोठा, चिवट तुकडा शिजवावयाचा असेल, तर विस्तव आणि मांस यांच्यामध्ये सिरॅमिकची तबकडी आडवी ठेवून आतील तपमान सुमारे ११० अंश सेल्सिअस ठेवावे. मांसाचा अंतर्भाग ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आला की तपमान कित्येक तास जागचे हलत नाही. घाम येऊन अंग निवावे त्याप्रमाणे पृष्ठभागावरील ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो, म्हणून असे होते. येथे अधीर होऊन आच वाढवू नये. तेवढ्या वेळात मांसातील चिवट तंतू विरघळून मऊ होत असतात, आणि अंतर्भाग ९० ते ९५ अंशांवर गेला की तुकडा नुसत्या काट्याने सुटतो.

धुरासाठी कोळशात आंबा, पेरू यांसारख्या फळझाडाच्या वाळलेल्या लाकडाचे दोन-तीन तुकडे पुरतात. चीड किंवा देवदार मात्र वर्ज्य, कारण राळेचा धूर कडू असतो. डोंगरी मुलखात नेमणूक असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आरंभी निघणारा दाट पांढरा धूर ओसरू द्यावा. पातळ, निळसर धूर दिसू लागल्यावरच अन्न आत ठेवावे. मासा, पनीर यांना धूर थोडाच द्यावा. भरताचे वांगे किंवा कांदा यांना तबकडी नको, सरळ निखाऱ्यावरची आच हवी. आच प्रखर असता झाकण एकदम उघडू नये. प्रथम दोन बोटे उचलून क्षणभर थांबावे, नाहीतर हवा आत घुसून ज्वाळा तोंडावर येते. काम संपल्यावर पाणी न ओतता दोन्ही वाटा बंद कराव्या. विस्तव गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. आणि हे सारे उघड्या अंगणात करावे. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू वास न देता जीव घेतो.

आपल्या वाचकांना येथे तंदूर आठवला असेल. राजस्थानातील कालीबंगन येथे १९६० ते १९६९ या काळात झालेल्या उत्खननात तंदुरासारख्या मातीच्या भट्ट्या सापडल्या, त्या हडप्पा संस्कृतीच्या काळातील आहेत. रायगड जिल्ह्यातील पोपटीही याच गोत्राची वाटते : मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, ते पालथे घालून सभोवार जाळ करतात. मात्र साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. तंदुराचे तोंड वर उघडे असते, पोपटीत विस्तव बाहेर आणि अन्न आत असते. कामादोत विस्तव आणि अन्न एकाच झाकणाखाली नांदतात. जाड माती उष्णता धरून ठेवते, ही गोष्ट निरनिराळ्या लोकांनी आपापल्या गरजेने शोधून काढली असावी.

राहता राहिली ती धुराची गोष्ट. अमेरिकेतील गृहस्थ सुटीच्या दिवशी अंगणात उभा राहून ज्या धुराचे कौतुक करतो, तोच धूर स्वयंपाकघरात रोज कोंडला की बाईचे डोळे आणि फुप्फुसे खातो. वर्ध्याच्या मगनवाडीत घडलेली मगन चूल आणि हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास पुढे आणलेली निर्धूर चूल हे या दुःखावरचेच उपाय होते. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यांत नेण्याचे काम हाती घेतले. तरीही घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

निन्तोकूच्या कथेकडे परत वळले म्हणजे तिच्यातील एक उणीव जाणवते. सम्राटाने धूर पाहिला तो उंचावरून आणि दुरून. तेथून धूर म्हणजे सुबत्ता, आणि त्याचा तो हिशेब चुकीचाही नव्हता. पण त्या धुराखाली बसून चूल फुंकणारी बाई त्याला त्या उंचीवरून दिसणे शक्य नव्हते. मोजणी करणाऱ्याला धुरांची संख्या कळते, धुराची चव कळत नाही. कर माफ करणारा राजा थोर खरा. परंतु खाली उतरून एखाद्या घराच्या दारात क्षणभर उभा राहिला असता, तर धुराडे बांधण्याचा हुकूमही त्याने त्याच दिवशी काढला असता.