वि. स. पागे आणि रोजगार हमीचा कायदा

कृष्णाकांठ सोडून सांगली जिल्ह्यांत पूर्वेकडे जाऊं लागलें म्हणजे पाऊस उणावत जातो. सह्याद्रीवर रिते झालेले ढग तासगांवच्या बाजूस पोंचतात ते थोडकें आणि बेभरंवशाचें पाणी घेऊन. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याचें वर्ष दोन तुकड्यांचें. पावसाळ्यांत हातांस उसंत नाहीं, आणि सुगी उरकली कीं पुढें महिनेच्या महिने हात रिकामे. या प्रदेशांतील विसापूर हें गांव महाराष्ट्राच्या कायद्यांच्या इतिहासांत नोंदलें गेलें, याचें कारण विठ्ठल सखाराम पागे.

पागे (१९१०–१९९०) हे पेशानें वकील, वृत्तीनें सर्वोदयी आणि संतवाङ्मयाचे व्यासंगी. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापति होते. सभापतीच्या आसनाचा धर्म असा कीं, त्यावर बसणाऱ्यानें इतरांस बोलूं द्यावें आणि आपण वादांत पडूं नये. ज्यानें इतकीं वर्षें दुसऱ्यांचीं भाषणें ऐकलीं, त्याच्याच हातून राज्यांतील एक अत्यंत महत्त्वाचा कायदा आकारास यावा, हा योग विलक्षण खरा.

त्यांच्या कल्पनेचें नवेपण समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजी राज्यांत दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. दुष्काळ आहे कीं नाहीं हें सरकार ठरवील, ठरलें म्हणजे कामें काढील, आणि पाऊस पडला म्हणजे तीं बंद करील, हा त्या नियमांचा पाया. काम कष्टाचें आणि मजुरी पोटापुरती असावी, म्हणजे खऱ्या गरजूवांचून कोणी येणार नाहीं, हाहि त्यांतला हिशेब. स्वातंत्र्यानंतरहि ही रीत मुळांतून बदलली नव्हती.

पागे यांनीं ही किल्ली मजुराच्या हातीं देण्याचें सुचविलें. दुष्काळ जाहीर होवो वा न होवो, जो अंगमेहनतीचें काम मागेल त्याला तें मिळालें पाहिजे. त्याच्या हातून रस्त्याकडेला नुसती खडी फोडून न घेतां माती अडविणारीं आणि पाणी मुरविणारीं कामें करून घ्यावीं. म्हणजे आजची मजुरी उद्यांच्या पिकाची तरतूद होईल. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे स्वतः शेतीचे जाणकार. त्यांना हा विचार पटला आणि १९६५ मध्यें तासगांव तालुक्यांत त्याचा लहानसा प्रयोग सुरू झाला.

पुढें परीक्षा आली ती फार मोठी. १९७० पासून पाऊस हुलकावण्या देत होता आणि १९७२ सालीं त्यानें पाठच फिरविली. मे १९७३ मध्यें राज्यांतील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसें राबत होतीं. एवढ्या लोकांस काम देतां येतें हें त्या वर्षीं सिद्ध झालें. पण तें बहुतांशीं संकटकाळचें काम होतें, आणि पैसाहि संकटकाळचा. संकट सरलें कीं दोन्हीहि सरणार. कायमचा हक्क द्यावयाचा तर कायमचा पैसा कोठून आणावयाचा?

या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या इतर कलमांइतकेंच मोलाचें आहे. १९७५ मध्यें महाराष्ट्रानें नोकरी, धंदा आणि व्यवसाय यांवर कर बसविला. घटनेच्या २७६ व्या कलमानें या कराची मर्यादा त्या काळीं माणशीं वर्षाला २५० रुपये होती. त्याच्या जोडीस मोटारगाड्यांवर आणि विक्रीवर जादा कर आला, जमीनमहसुलावर अधिभार आला आणि बागायती जमिनीवर खास आकारणी आली. या करांचें जेवढें उत्पन्न होईल तेवढीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी, असेंहि ठरलें. व्यवसायकराचा मोठा वाटा मुंबईंतून येई. तेथील पगारदारानें मराठवाड्यांतील बांधासाठीं पैसे मोजावे, ही व्यवस्था शहरानें फारशी कुरकुर न करतां पत्करली. त्यांत करुणा किती आणि खेड्यांतून शहरांत येणाऱ्या लोंढ्यांचें भय किती, याचा निवाडा अवघड आहे. दुष्काळांत असे लोंढे मुंबईनें पाहिले होते.

१९७७ मध्यें दोन्ही सभागृहांनीं रोजगार हमीचें विधेयक एकमतानें संमत केलें, आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलांत आला. अठरा वर्षांवरील ग्रामीण स्त्रीपुरुषानें गांवीं नांव नोंदवून काम मागावें आणि पंधरा दिवसांच्या आंत तें मिळावें. न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा. हा भत्ता आरंभीं दिवसाला अवघा एक रुपया होता. रुपया क्षुल्लक, परंतु तो देणें म्हणजे सरकारनें आपली चूक कागदावर कबूल करणें होय. म्हणून कचेऱ्यांना तो जड वाटे. मजुरीचा दर स्त्रीपुरुषांस सारखाच होता, आणि कामावर स्त्रिया मोठ्या संख्येनें येऊं लागल्या. पाझरतलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवड यांवर १९७९-८० मध्यें सुमारे २० कोटि मनुष्यदिवसांचें काम झालें.

दोषहि लवकरच दिसूं लागले. पाझरतलावाचें पाणी त्याच्या खालच्या अंगास ज्याची विहीर त्याच्याच विहिरींत उतरतें. तलाव खणणाऱ्या भूमिहीनाच्या पदरांत मजुरीखेरीज कांहीं पडत नाहीं. आपल्या जमिनीचें मोल दुसऱ्याच्या करांतून आणि तिसऱ्याच्या घामांतून वाढत असेल, तर मोठ्या शेतकऱ्यानें विरोध कां करावा? विधेयकास मिळालेल्या एकमताचें एक रहस्य येथें आहे. शिवाय कामें अर्धवट राहिलीं आणि हजेरीपत्रकांत खोटीं नांवें शिरलीं. यांवर नजर ठेवण्यासाठीं विधिमंडळानें आपली स्वतंत्र समिति नेमली हें योग्यच झालें.

खरा धक्का मात्र १९८८ नंतर बसला. त्या वर्षीं किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले आणि हमीच्या कामावरहि तेच लागू पडले. मजुराचा लाभ वाढावा ही अपेक्षा होती. प्रत्यक्षांत सरकार नवीं कामें हात राखून उघडूं लागलें आणि हजेरी ओसरली. मागणाऱ्यास काम, हें कलम तसेंच होतें. पण काम उघडण्याचा अधिकार कचेरीकडे होता, आणि मागणी नोंदलीच नाहीं तर भत्त्याचा प्रश्नहि उद्भवत नव्हता. इंग्रजी नियमांतली किल्ली अशा रीतीनें पुन्हा जुन्या हातीं गेली. करांचें उत्पन्न मात्र वाढतच राहिलें.

पागे १९९० मध्यें वारले. त्यांच्या पश्चात् २००५ सालीं संसदेनें देशभरासाठीं रोजगार हमीचा कायदा केला. त्यानें महाराष्ट्रापासून मजुराचा हक्क घेतला, परंतु त्याला कुटुंबामागें वर्षाकांठीं शंभर दिवसांची मर्यादा घातली. आणि त्यासाठीं स्वतंत्र कर बसविण्याची कल्पना मात्र घेतली नाहीं. व्यवसायकराची घटनेंतील मर्यादा तत्पूर्वींच, १९८८ मध्यें, २५०० रुपयांवर गेली होती, आणि महाराष्ट्रांतील पगारपत्रकावर त्या कराचा रकाना कायम राहिला.