इन्क्वेस्ट पंचनामा म्हणजे काय? मृत्यूची सरकारी चौकशी कशी होते?

‘घाटी रुग्णालयात डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केले. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली.’ छत्रपती संभाजीनगरच्या वृत्तपत्रांत अशी वाक्ये नेहमी येतात. या नोंदीनंतर पोलीस जी चौकशी करतात, तिला कायद्याच्या भाषेत ‘इन्क्वेस्ट’ म्हणतात. मराठीत ‘मरणोत्तर पंचनामा’ किंवा ‘इन्क्वेस्ट पंचनामा’ हे शब्द रूढ आहेत.

शब्द कुठून आला?

‘इन्क्वेस्ट’चे मूळ ‘शोध घेणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘पंचनामा’ हा पंच आणि फारसी ‘नामा’ म्हणजे लेखी कागद यांचा जोडशब्द.

इंग्लंडमध्ये ११९४ पासून संशयास्पद मृत्यूंची चौकशी ‘कोरोनर’ हा राजाचा अधिकारी करत असे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने मुंबई आणि कोलकात्यात ही पद्धत चालवली. मुंबईतील कोरोनर न्यायालय १९९९ मध्ये बंद झाले. मराठवाड्यासह इतरत्र हे काम पोलीस आणि दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

कायदा काय सांगतो?

पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. आत्महत्या, अपघात, खून किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर पोलीस परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित व्यक्तींसमोर मृतदेहाची पाहणी करतात. जखमा, व्रण, त्या कशाने झाल्या असाव्यात आणि मृत्यूचे सकृतदर्शनी कारण लिहिले जाते. अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जातो.

पंचनामा म्हणजे शवविच्छेदन नव्हे. पंचनाम्यात शरीराची बाह्य स्थिती नोंदवली जाते. शवविच्छेदन डॉक्टर करतात. मारेकरी कोण, हे ठरवणे हा पंचनाम्याचा उद्देश नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केले आहे.

कोठडीत मृत्यू झाला तर?

येथे पोलिसांवरच संशय असू शकतो. म्हणून पोलिसांच्या तपासाव्यतिरिक्त दंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी बंधनकारक आहे. पूर्वीच्या संहितेत ही तरतूद कलम १७६(१अ) मध्ये होती, आता ती कलम १९६ मध्ये आहे.

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात या कलमाची कसोटी लागली. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत हिंसाचार झाला. त्यात अटक झालेल्या, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झाले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण त्यात नोंदवले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही पोलिसांवर ठपका आला.

तरीही गुन्हा दाखल झाला नाही. अहवाल आल्यानंतर पुढे काय करायचे, हे कलम १९६ सांगत नाही, असा मुद्दा सोमनाथ यांच्या आईच्या याचिकेत मांडण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला आव्हान दिले, पण ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

नातेवाइकांसाठी महत्त्वाचे

कोठडीतील मृत्यूची चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्याने शक्य असेल तेथे नातेवाइकांना कळवावे आणि त्यांना चौकशीला हजर राहू द्यावे, असे कायदा सांगतो. आई-वडील, मुले, भाऊ-बहीण आणि पती किंवा पत्नी यांचा त्यात समावेश होतो.