सहासष्टावी कोणाची?

६६वी महाराष्ट्र केसरी कोणी मारली, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. नोव्हेंबर २०२३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला सिकंदर शेखनं गदा खांद्यावर घेतली, ती स्पर्धा सहासष्टावी. मार्च २०२५मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके जिंकला, तीही सहासष्टावीच. आमच्या गोडादऱ्यात यावर तावातावानं बोलणारे पुष्कळ. सुरतेच्या या टोकाला जळगाव, धुळे, नंदुरबारहून लूमच्या आणि साड्यांच्या कामाला आलेल्यांची दाट वस्ती आहे. ताप्ती लाइनची गाडी धरून आखाजीला गावी गेलेला माणूस परतताना यात्रेतल्या दंगलीची खबरही घेऊन येतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हापासून तर ही गदा इथल्या लोकांना आपल्या घरातली वाटते.

याच मंडळींच्या मोबाइलवर अमेरिकेची कुस्तीही चालते. तिथं ठरवून गट बांधतात आणि ठरवून फोडतात. १९८०च्या दशकात रिक फ्लेअरच्या ‘फोर हॉर्समेन’नं ही वहिवाट पाडली. गटाचं नाव चौघांचं, पण चौघे तेच राहत नसत. ओल अँडरसनला बाहेर काढून लेक्स लुगरला आत घेतलं, पुढे लुगरशीही बिनसलं. ७ जुलै १९९६ला वर्षानुवर्षं लोकांचा लाडका असलेला हल्क होगन रँडी सॅव्हेजवर उलटला आणि ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ उभी राहिली. दोनच वर्षांत तिचेही दोन तुकडे झाले, एक काळ्या-पांढऱ्या रंगाचा, दुसरा काळ्या-लाल रंगाचा, आणि नाव मात्र दोघांनी तेच लावलं. २ जून २०१४ला सेथ रॉलिन्सनं आपल्याच ‘शील्ड’मधल्या रोमन रेन्सच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली, ती तारीख इथल्या कितीतरी पोरांना तोंडपाठ आहे.

या लिहिलेल्या फितुरीत एक सरळपणा असतो, तो मला मनापासून आवडतो. खुर्ची कोणी घातली, कोणाच्या पाठीत घातली, हे भर दिव्यात हजारो लोक बघतात. मार खाणाऱ्याला पुढे हिशेब चुकवायची कुस्ती मिळते.

आमच्याकडच्या फुटीचा माग काढायचा तर १९५३पर्यंत मागं जावं लागतं. संस्थानं विलीन झाली होती, पैलवानांचा राजाश्रय आटत चालला होता. अशा वेळी मुळशीच्या मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. तिची अधिवेशनं भरू लागली आणि १९६१ला औरंगाबादेत ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू झाला. पहिले मानकरी दिनकर दह्यारी. पुढे मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीय गदा देऊ लागले, लाकडावर चांदीचा पत्रा चढवलेली. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात आणि त्यांच्यातला एक ती उचलतो.

एप्रिल २०२२ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं ती उचलली. स्पर्धा ६४वी. एका छताखालची ती शेवटची. परिषदेचे अध्यक्ष तेव्हा शरद पवार, सरचिटणीस बाळासाहेब लांडगे. त्यानंतर काही महिन्यांतच भारतीय कुस्ती महासंघानं ही परिषद बरखास्त केली. महासंघाचे अध्यक्ष होते ब्रिजभूषण शरण सिंह. वर्ध्याचे तेव्हाचे खासदार आणि जुने पैलवान रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली राज्यात नवा कुस्तीगीर संघ आला. परिषदेनं बरखास्ती मानली नाही, प्रकरण कोर्टात गेलं. बरखास्ती करणाऱ्या महासंघाला ऑगस्ट २०२३मध्ये जागतिक संघटनेनं निलंबित केलं, कारण त्याच्या स्वतःच्या निवडणुका वेळेत झाल्या नव्हत्या.

भावाभावांची वाटणी होऊनही दोघांनी आजोबांचंच नाव लावावं, तसं दोन्ही गटांनी मामासाहेबांपासूनची मोजणी आपली म्हणून पुढे चालवली. जानेवारी २०२३ला कोथरूडला एका गटाची ६५वी झाली, शिवराज राक्षे जिंकला. नोव्हेंबरला धाराशिवला दुसऱ्या गटाची ६५वी झाली, तीही शिवराज राक्षेनंच जिंकली. सहासष्टाव्यांचे मानकरी सुरुवातीला सांगितलेच. फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरात पृथ्वीराज मोहोळ जिंकला, ती एका गटाच्या हिशेबानं ६७वी. दुसऱ्या गटाची ६६वी त्याच्या पुढच्या महिन्यात कर्जतला व्हायची होती.

नोव्हेंबर २०२३मध्ये राक्षेवर काय गुदरलं ते बघा. फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदरनं त्याला काही सेकंदांत झोळी डावावर आस्मान दाखवलं. त्याच महिन्यात हा गडी धाराशिवला उतरला, हर्षवर्धन सदगीरला हरवून केसरी झाला. एकाच माणसानं एका महिन्यात दोन्ही गटांच्या आखाड्यात कुस्ती केली, एकीकडे हरला, दुसरीकडे जिंकला. याला कोणी गट बदलणं म्हणेल, मी म्हणणार नाही. पैलवानाचं अंग ऐन भरात असतं ती वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जिथं कुस्ती लागेल तिथं तो जाणारच. फुटले ते पदाधिकारी, पैलवान आपल्या वस्तादाशी आणि आपल्या खुराकाशी इमान राखून राहिले.

तालमीतलं इमान कसं असतं, ते जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीला दिसलं होतं. अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, कात्रजच्या एकाच संकुलात घाम गाळणारे. एकमेकांचे डाव एकमेकांना पाठ. कुस्ती चुरशीची झाली, हर्षवर्धन जिंकला आणि गदेकडे जाण्याआधी त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून आखाड्यात फिरवलं. एकाच गटातले दोघे भिडले म्हणजे एकानं दुसऱ्याच्या पाठीत खुर्ची घालायची, हे पडद्यावरच्या कुस्तीनं शिकवलेलं गणित तिथं कोणाला सुचलंही नसतं. राक्षेही याच संकुलाचा. म्हणजे धाराशिवची अंतिम कुस्तीही घरातल्या घरातच झाली होती.

गोडादऱ्यातला मजूर या सगळ्याकडे करमणूक म्हणून बघत नाही. तीन गदांनी विजय चौधरीला पोलीस उपअधीक्षकपदापर्यंत नेलं, हे त्यानं बघितलंय. म्हणून बारा तास लूमवर उभा राहणारा बाप पोराला गावाकडच्या तालमीत ठेवतो, दर महिन्याला बदाम-तुपाचे पैसे पाठवतो. पोरगा तयार झाला की प्रश्न उभा राहतो तो निवड चाचणीचा. जिल्ह्याकडून जायचं तर कोणत्या गटाच्या चाचणीला जायचं? एका गटाच्या प्रमाणपत्राला उद्या नोकरीच्या वेळी दुसऱ्या गटानं हरकत घेतली तर दाद कोणाकडे मागायची? वस्तादाला विचारलं तर तो म्हणतो, दोन्हीकडे उतरव. दोन्हीकडे उतरवायचं म्हणजे दोनदा वजन उतरवायचं, दोनदा प्रवासखर्च, दोनदा दुखापतीची जोखीम, आणि बापाच्या दोन खाड्यांची मजुरी.