पहिले विनोदी चित्र आणि एक मृत्युपत्र

वाचकहो, सिनेमाचे नाव काढले की आपल्या घरांतील बुजुर्गांच्या कपाळावर आठ्या पडतात. तरीही आज एका चित्रपटाचीच हकिगत सांगणार आहे. कारण तिचा उगम शोधू गेल्यास आपण एका शाळेपाशी पोहोचतो.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ‘ग्रँड कॅफे’च्या तळघरात एक फ्रँक दर लावून दहा छोटी मूक चित्रे दाखविण्यात आली. त्यांतील एक होते माळ्याचे. लांबी एक मिनिटही नाही. माळी नळीने बागेला पाणी घालीत आहे. मागून एक खट्याळ पोरगा येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबते. माळी बुचकळ्यात पडून नळीच्या तोंडात डोकावतो, तोच पोरगा पाय उचलतो! फवारा थेट तोंडावर. माळी पोराला पकडतो. पण कॅमेरा एकाच जागी उभा, म्हणून चोप देण्यासाठी त्याला पुन्हा पुढ्यात ओढून आणतो. जगातील पहिले विनोदी कथाचित्र म्हणून ते ओळखले जाते.

हे चित्र घेणारे ऑग्युस्त व लुई लुमिएर हे लिओं शहरातील कारखानदार बंधू. शिवणयंत्रातील कापड थांबत-थांबत पुढे सरकते, त्या युक्तीवरून त्यांना फिल्म सरकविण्याची कल्पना सुचली. एकाच पेटीने चित्रे घेता येत, छापता येत आणि पडद्यावर दाखविताही येत. ७ जुलै १८९६ रोजी त्यांचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलातही झाला.

आता शाळेकडे वळू. हे बंधू लिओंच्या ‘ला मार्टिनिएर’ या तंत्रशाळेत शिकले. ती उभी राहिली क्लॉद मार्टिन याच्या मृत्युपत्रातून. लिओंचा हा सामान्य घरातील मुलगा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला, अवधच्या नवाबाच्या शस्त्रागाराचा अधिकारी झाला, व्यापारात धनवान झाला आणि १८०० साली लखनौस वारला. लिओं, कलकत्ता आणि लखनौ येथे शाळा काढण्यासाठी त्याने पैसा ठेवला होता.

विद्यार्थी मित्रांनो, केवळ शाळेमुळे सिनेमा जन्मला असे मी म्हणत नाही. पण यंत्राकडे पाहून ‘हे असे का?’ विचारणारी नजर शिक्षणातूनच घडते. आणि पालकहो, लखनौत मिळविलेल्या पैशाचे फळ पंचाण्णव वर्षांनी पॅरिसमध्ये दिसले. देणाऱ्याने ते पाहिले नाही. इल्मसाठी टाकलेला रुपया कोणाच्या हातून, कोठे उगवेल हे आपल्याला ठाऊक नसते. तो टाकणे मात्र आपल्या हाती आहे.