नागेशभट्ट काळे व संगणकाविषयींचा एक प्रवाद

‘संस्कृत हीच संगणकास सर्वांत योग्य भाषा, असें अमेरिकेच्या नासा संस्थेनें ठरविलें आहे,’ हा प्रवाद आपल्याकडे सर्वतोमुखीं झालेला आहे. बल्लारपुरास संस्कृत शिकवितांना प्रस्तुत लेखकाच्याही तो वारंवार कानीं येई. बखरींतील विधान अस्सल कागदाशीं ताडून पाहावें, हा संशोधनाचा नियम येथेंही लाविला पाहिजे.

येथें अस्सल कागद म्हणजे रिक ब्रिग्ज ह्यांचा ‘एआय मॅगझिन’च्या इ. स. १९८५ च्या वसंत अंकांतील निबंध. ब्रिग्ज हे नासाच्या कॅलिफोर्नियांतील एम्स केंद्रांत असलेल्या एका संशोधनसंस्थेंत होते. निबंध त्यांचा स्वतःचा. नासाचा निर्णय त्यांत नाहीं.

त्याचा विषय कळण्यास थोडी पूर्वपीठिका हवी. कृत्रिम बुद्धिमत्ता हें नांव इ. स. १९५६ च्या डार्टमथ येथील परिषदेनें रूढ केलें. त्याच सुमारास न्यूएल, शॉ व सायमन ह्यांनीं तर्कशास्त्रांतील सिद्धांत सिद्ध करणारी आज्ञावली रचिली. पुढें, प्रस्तुत स्थिति व साध्य ह्यांतील अंतर पायरीपायरीनें कमी करून नानाविध कोडीं सोडवूं पाहणारी दुसरी रचिली. परंतु कोडें यंत्रापुढें ठेवण्यापूर्वीं तें निःसंदिग्धपणें मांडावें लागतें. मानवी भाषेंतील अर्थ तसा मांडण्याकरितां क्विलियन ह्यांनीं इ. स. १९६० नंतरच्या दशकांत अर्थजालाची कल्पना पुढें आणिली. तींत कल्पना हे बिंदु व त्यांचे परस्परसंबंध ह्या रेषा.

असल्या मांडणीचें साम्य ब्रिग्ज ह्यांस नागेशाच्या वैयाकरणसिद्धांतमंजूषेंत आढळलें. नागेशभट्ट काळे हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील काशीनिवासी महाराष्ट्रीय पंडित. शिवभट्ट व सती ह्यांचे पुत्र आणि हरिदीक्षितांचे शिष्य. ‘चैत्र गांवास जातो’ ह्या वाक्याचा वैयाकरण असा बोध करितात: गांवाशीं संयोग हें फल, तें उत्पन्न करणारा, चैत्राच्या ठायीं असलेला, वर्तमानकालीन व्यापार. व्यापार मध्यें व कारकें भोंवतीं. शब्दांचा क्रम बदलला तरी बोध तोच.

हें साम्य खरें आहे. परंतु साम्यावरून ऋण सिद्ध होत नाहीं. नागेशापुढें यंत्र नव्हतें, शाब्दबोधाचा वाद होता. नैयायिक प्रथमान्त पदाच्या अर्थास प्राधान्य देत, वैयाकरण व्यापारास. शिवाय हें पृथक्करण व्युत्पन्न मनुष्य करितो. तें यंत्राकडून करविणें हें निराळें कार्य होय.

प्रवादानें नासाचें नांव घरोघरीं नेलें, आणि ज्याच्या ग्रंथाचा ब्रिग्ज ह्यांनीं आधार घेतला त्या नागेशाचें नांव मात्र गाळलें. हा खरा तोटा होय. मंजूषेचीं बृहत्, लघु व परमलघु अशीं तीन रूपें आहेत. चांदा प्रांतांतील जुन्या घरांच्या बासनांत ह्यांपैकीं एखादी पोथी कोणास आढळल्यास, त्यांनीं तिची पुष्पिका व लेखनशक उतरून मंडळास कळवावें, ही विनंति.